बैठं काम आणि शरीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अठरा वर्षं मी हिशेब तपासण्याचं काम केलं, म्हणजे जागेपणीचा मोठा वेळ खुर्चीतच गेला. त्यातल्या दहाव्या वर्षी एके सकाळी मोजे घालायला वाकले आणि कंबर तिथेच धरली. त्यानंतर वाचलं, फिजिओथेरपिस्टला खोदून खोदून विचारलं, स्वतःवर करून पाहिलं. पुढे सहकारी तेच तेच प्रश्न घेऊन माझ्याकडे येऊ लागले. त्या प्रश्नांची ही उत्तरं. दुखणं जुनं किंवा तीव्र असेल तर डॉक्टरांना दाखवायला पर्याय नाही. तशी लक्षणं कोणती, तेही पुढे सांगितलं आहे.

रोज सकाळी तासभर व्यायाम करतो. मग दिवसभर बसलो तर बिघडलं कुठे?

मोठं काम तुम्ही सकाळीच उरकलेलं असतं, यात शंका नाही. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास आला. दिवसाला ८ तासांहून जास्त बसणाऱ्यांना अकाली मृत्यूचा जो जास्तीचा धोका असतो, तो रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये जवळपास नाहीसा झालेला दिसला.

पण आयुष्य किती, हा एक प्रश्न झाला. संध्याकाळी मान वळते का, पाय सुजतात का, हा वेगळा. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा ते इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. बसलं की हे काम थंडावतं. मणक्यांमधल्या चकत्यांना तर स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. दाब पडला की त्यांच्यातलं पाणी बाहेर जातं, दाब सुटला की पोषण घेऊन आत येतं. त्यांचं जेवणच हालचालीवर अवलंबून आहे, आणि सकाळी सहाच्या व्यायामाने दुपारी चारची भूक भागत नाही.

बसण्याने त्रास होतो हे अलीकडचं खूळ आहे का?

अजिबात नाही. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली आहेत: सतत बसणं, हाताची एकाच दिशेची न थांबणारी हालचाल, आणि हिशेबात चूक होऊन मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोणीतरी आमच्याच ऑफिसात येऊन बसून लिहिलंय असं वाटलं. तिसरं कारण आज सगळे विसरतात, आणि खांदे आवळून कानापर्यंत नेतो तो तोच ताण.

आकड्यांचा पुरावा १९५३ साली आला. ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. मॉरिस इथेच थांबले नाहीत. पुढे त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तर चालकांच्या कंबरेचा घेर मुळातच जास्त निघाला. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता. तरीही हालचाल आणि हृदय यांचं नातं त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांत टिकून राहिलं आहे.

किती वेळाने उठायचं?

अर्ध्या तासाने. जमत नसेल तर तासाने, पण त्यापलीकडे ताणू नये.

अर्धा तासच का? कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली वेगवेगळी वेळापत्रकं ताडून पाहिली. दर ३० मिनिटांनी ५ मिनिटं सावकाश चालल्याने जेवणानंतर वाढणारी रक्तातली साखर आणि रक्तदाब दोन्हींवर सर्वांत चांगला परिणाम दिसला. तो प्रयोग अवघ्या ११ जणांवर होता, म्हणून त्याला दगडावरची रेघ समजू नका. आणि दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं म्हणजे तासाला दहा मिनिटं. एवढी मुभा फार थोड्यांना असते. पण दर २० मिनिटांनी फक्त २ मिनिटं चालूनही साखर उतरल्याचं २०१२ सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं. तेव्हा दोन मिनिटं मिळाली तरी उठा. नुसतं उभं राहून परत बसण्यापेक्षा चार पावलं टाकलेली बरी, कारण पोटऱ्या हलल्या पाहिजेत.

कामाची तंद्री लागली की उठायचं भानच राहत नाही. काय करावं?

गजर लावून पाहिला असेल आणि तिसऱ्या दिवशी तो बंदही केला असेल. जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं. तंद्री मोडणाऱ्या गोष्टीचा राग येतो, ते साहजिक आहे.

मला उपयोगी पडलं ते असं: उठणं एखाद्या कामाला बांधून टाकायचं. फोन आला की उभं राहायचं. एक फाइल संपवून दुसरी उघडण्याआधी खिडकीपर्यंत जाऊन यायचं. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी छोटा पेला ठेवायचा, म्हणजे भरायला उठावंच लागतं, आणि पाणी पोटात गेलं की शरीर आपणहून पुन्हा उठवतं. प्रिंटर, कचऱ्याची टोपली, चार्जर या वस्तू हात पोहोचणार नाही इतक्या लांब ठेवायच्या. शेजारच्या विभागातल्या माणसाला निरोप टाइप करण्याऐवजी जाऊन विचारायचं. यातलं काहीही व्यायाम वाटत नाही आणि म्हणूनच ते टिकतं.

ताठ बसायची सवय कशी लावू?

लावू नका. ताठ बसण्याचा आग्रह आपल्यात लहानपणापासून मुरलेला आहे, पण आठ तास लष्करी ताठपणाने बसलात तर पाठीचे स्नायू आठ तास आवळलेले राहतील आणि संध्याकाळी पाठ भरून येईल. रेलून बसा, थोडं पुढे सरका, एक पाय पुढे घ्या, मग दुसरा. पाठीला टेका असावा, एवढं पुरे. पाठ नेमकी कोणत्या कोनात आहे यापेक्षा ती किती वेळ त्याच कोनात अडकली आहे, हे पाहा.

मग खुर्ची-टेबलाच्या मापांना काही अर्थच नाही?

आहे. चुकीच्या मापांमुळे शरीर दिवसभर एकाच बाजूला ओढलं जातं.

मापं घ्यायला खालून सुरुवात करावी. आधी पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची खळगी यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं, नाहीतर कड तिथल्या रक्तवाहिन्यांवर दाबते. कंबरेच्या खोलगट भागाला आधार नसेल तर टॉवेलची गुंडाळी करून लावा. महागड्या उशीइतकंच काम ती करते. कीबोर्डवर हात ठेवल्यावर कोपरं साधारण काटकोनात, अंगालगत आणि खांदे सैल असावेत. माऊस कीबोर्डला खेटून ठेवा. तो लांब ठेवून दिवसभर हात पसरणं, हे उजव्या खांद्याच्या दुखण्याचं सर्रास दुर्लक्षित राहणारं कारण आहे.

स्क्रीन हातभर अंतरावर, तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांना मात्र हा नियम लावू नये. ते काचेच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर करतात आणि मान मागे मोडून बसतात. त्यांनी स्क्रीन आणखी खाली घ्यावी.

लॅपटॉपवर हे कसं जमवायचं?

जमत नाही. स्क्रीन उंच केली तर कीबोर्ड उंच जातो, कीबोर्ड योग्य उंचीवर आणला तर मान खाली जाते. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर चढवा. बैठ्या कामासाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर मी खुर्चीआधी हा कीबोर्ड घेईन.

उभ्याने काम करायचं टेबल घ्यावं का?

वजन उतरेल या आशेने घेऊ नका. २०१८ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात उभं राहण्याने बसण्यापेक्षा मिनिटाला सुमारे ०.१५ कॅलरी जास्त जळते असं दिसलं, म्हणजे तासाला नऊच्या आसपास. शिवाय दिवसभर एका जागी उभं राहणाऱ्यांना पायांच्या फुगलेल्या नसा, टाचदुखी, कंबरदुखी यांचा त्रास होतोच. शिक्षकांना आणि दुकानात काम करणाऱ्यांना विचारा. मात्र बसणं आणि उभं राहणं आलटून पालटून करायला अशा टेबलाचा उपयोग होतो, आणि कंबरदुखीवाल्यांना तो जाणवतोही. विकत घेण्याआधी एखाद्या उंच कपाटावर किंवा ओट्यावर लॅपटॉप ठेवून आठवडाभर करून पाहा.

आणि खुर्चीऐवजी मोठा रबरी चेंडू?

नको. त्याला पाठीचा आधार नसतो. व्यायामापुरता ठीक.

मान आणि खांदे सतत दुखतात. मालिश करून दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच.

डोक्याचं वजन साधारण ४.५ ते ५ किलो असतं. ते मणक्यांवर नीट तोललेलं असेल तर भार कळत नाही. पुढे झुकलं की मानेच्या मागचे स्नायू ते दिवसभर ओढून धरतात. भरलेली बादली अंगालगत धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथे. मालिशने आवळलेला स्नायू सैल होतो, पण त्याची ताकद वाढत नाही. दुसऱ्या दिवशी तोच अशक्त स्नायू तेच ओझं धरून बसतो.

म्हणून ताकद वाढवा. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०११ साली ऑफिसात काम करणाऱ्या १९८ जणांवर प्रयोग केला. आठवड्याचे पाच दिवस, दहा आठवडे, रबरी पट्टा पायाखाली धरून दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, एवढाच व्यायाम होता. एका गटाने रोज १२ मिनिटं केला, दुसऱ्याने फक्त २ मिनिटं, आणि दोन्ही गटांचं मान-खांद्याचं दुखणं कमी झालं. दोन मिनिटं! हा प्रयोग कळल्यापासून माझ्या खणात तो पट्टा कायम असतो. सुरुवातीला स्नायू दुखतील, तेव्हा सैल पट्ट्याने सुरू करा.

कंबर धरली तर किती दिवस झोपून राहावं?

शक्यतो झोपून राहूच नका. पूर्वी सक्तीची विश्रांती सांगत. आता बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सोसेल तेवढं हिंडतं-फिरतं राहायला सांगतात, कारण पडून राहिल्याने स्नायू अशक्त होतात आणि भीती वाढते. २०२० साली जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या बहुसंख्यांच्या दुखण्यामागे गंभीर आजार नसतो.

भीतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. माझी कंबर धरली तेव्हा एमआरआयच्या अहवालात 'चकती फुगली आहे' असं लिहून आलं, आणि मी सहा महिने वाकायलाच घाबरले. त्या सहा महिन्यांनी मूळ दुखण्यापेक्षा जास्त नुकसान केलं. नंतर कळलं की ज्यांना काहीच दुखत नाही अशा विशीतल्या माणसांचे एमआरआय पाहिले, तरी सुमारे ३० टक्क्यांमध्ये चकती फुगलेली दिसते, आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांमध्ये. तोंडावर जशा सुरकुत्या येतात तशा मणक्यांनाही येतात. अहवाल डॉक्टरांकडून समजावून घ्या, एकट्याने वाचून खचू नका.

डॉक्टरांकडे ताबडतोब कधी जायचं?

कंबरदुखीसोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, हेही थांबण्यासारखं नाही. छातीत दाब किंवा डाव्या हातात कळ आली तर 'बसून बसून अवघडलं असेल' म्हणून सोडून देऊ नका.

बोटांना मुंग्या येतात. टायपिंगमुळे का?

कोणत्या बोटांना, ते पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, रात्री जाग येत असेल आणि हात झटकला की बरं वाटत असेल, तर मनगटातून जाणाऱ्या मीडियन नसेवर दाब आला असण्याची शक्यता आहे. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. करंगळीला मुंग्या येत असतील तर नस वेगळी, आणि बऱ्याचदा दोष कोपराचा: ते टेबलाच्या कडेवर टेकवून तासन् तास बसणं. टायपिंगलाच दोष देण्याआधी मधुमेह आणि थायरॉईड तपासून घ्या. गरोदरपणातही हा त्रास होतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधल्याने अनेकांना आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट होऊ लागला किंवा वस्तू हातातून निसटू लागल्या तर उशीर करू नका.

डोळे चुरचुरतात. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ?

पैसे वाचवा. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अशा काचांमुळे डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं दिसलं नाही. चुरचुरण्याचं खरं कारण साधं आहे: स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी लवतात, अर्धवट लवतात, आणि डोळा कोरडा पडतो. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर आणखीच. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहा आणि तेवढ्यात चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटा. चाळिशीच्या आसपास असाल तर चष्म्याचा नंबर तपासा. कित्येकदा डोकेदुखी तिथेच संपते.

रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' म्हणजे 'दहा हजार पावलं मोजणारं यंत्र' या नावाचं उपकरण बाजारात आलं, तिथून तो पसरला. २०१९ साली वयस्क स्त्रियांच्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा स्थिरावला. आज तुमची तीन हजार होत असतील तर दहा हजारांच्या दडपणाने खचू नका. पुढच्या महिन्यात चार हजार करा.

व्यायामाला वेळच मिळत नाही.

हे मी सबब मानत नाही. लहान मुलं, लांबचा प्रवास, घरातलं आजारपण, यांतून खरंच वेळ उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग. त्या तत्त्वांत एक दिलासा आहे: पूर्वी सलग १० मिनिटांहून कमी हालचाल धरत नसत, ती अट काढून टाकली आहे. दोन मजल्यांचा जिना मोजला जातो, बस पकडायला केलेली धावपळही. ब्रिटनमध्ये व्यायाम न करणाऱ्या २५ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावर यंत्रं बांधून अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून तीन-चार वेळा मिनिटभराची दमवणारी हालचाल सहज घडणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं.

ताकदीसाठी जिमच लागते असंही नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर, टाचा उचलणं, रबरी पट्टा मागे ओढणं. जड वाटेनासं झालं की वाढवा.

दुपारी जेवल्यावर डोळे मिटायला लागतात.

दहा मिनिटं चालून या. झोप उडतेच आणि साखरही आवरते. रोजच तसं होत असेल तर रात्रीची झोप पाहा. प्रौढांना किमान सात तास हवेत. कॅफीनचा अर्धा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो, त्यामुळे झोप येऊ नये म्हणून संध्याकाळी घेतलेली कॉफी दुसऱ्या दिवशीची दुपार बिघडवते. घोरत असाल आणि उठल्यावरही ताजंतवानं वाटत नसेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याच्या आजाराची, तपासणी करा.

संध्याकाळी पाय सुजतात.

पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. बसून राहिलं की ते खालीच साचतं. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्ररात्र आसऱ्याच्या जागी आरामखुर्च्यांत बसून काढत. तेव्हा पायातल्या रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसात जाऊन झालेले मृत्यू अचानक वाढल्याचं डॉक्टर कीथ सिम्प्सन यांनी नोंदवलं.

दोन्ही पायांची सूज रात्रभर झोपल्यावर उतरत असेल तर टाचा-चवडे आळीपाळीने उचलणं आणि उठून चालणं बहुधा पुरतं. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. त्यासोबत धाप लागली तर थेट रुग्णालय.

बैठकीत मध्येच उठलं तर लोक काय म्हणतील?

सुरुवातीलाच सांगून टाका: 'कंबरेमुळे मी मधूनमधून उभी राहीन.' मी हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आणखी दोघं निमूट उठून भिंतीपाशी येऊन उभे राहिले. तुम्ही स्वतः वरिष्ठ असाल तर आधी तुम्ही उठा. तुमच्या उठण्याने बाकीच्यांना परवानगी मिळते.

वरिष्ठांसाठी आणखी एक. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ सालच्या अहवालात आहे. चांगली खुर्ची देऊन रात्री दहापर्यंत बसवून ठेवलं, तर त्या खुर्चीचा काही उपयोग नाही.

मी व्हीलचेअर वापरतो. 'उठा, चाला' हे सल्ले माझ्या काय कामाचे?

हा प्रश्न एका सहकाऱ्याने मला विचारला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याची मला खंत वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या तत्त्वांत अपंगत्व असलेल्यांसाठी पहिल्यांदाच वेगळं मार्गदर्शन आलं: आठवड्याचं लक्ष्य जवळपास तेच, हालचाल मात्र आपल्याला शक्य ती. हाताने चाक फिरवत जोरात फेरी मारणं, बसून रबरी पट्ट्याचे व्यायाम, पोहणं, हे सगळं त्यात येतं.

तुमच्यासाठी त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे त्वचा. एकाच जागी दाब राहिला तर जखम होते आणि संवेदना कमी असेल तर ती कळतही नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून भार हलवावा, आणि झुकलेलं निदान एक-दोन मिनिटं राहावं, कारण क्षणभर उचलून टेकल्याने रक्त पुरेसं परत येत नाही. चाक हातानेच फिरवत असाल तर खांद्यांवर आधीच भार असतो, म्हणून छातीपेक्षा पाठीच्या वरच्या भागाचे, मागे ओढण्याचे व्यायाम जास्त करा. आणि टेबलाखाली गुडघे जायला जागा आहे का, हे पाहायला कंपनीच्या माणसाला तुमच्या जागेवर बोलवा.